चौदा हजारांचे मोरचूद

गेली काही वर्षे मी खनिजांचे नमुने जमवतो. काळ्या पाषाणातील स्टिल्बाइट, अपोफिलाइट, वाघोलीचे निळे कॅव्हान्साइट असे बरेच काही हाताखालून गेलेले असल्यामुळे आपल्याला आता कोणी बनवू शकणार नाही, अशी थोडी घमेंडही होती. ती लिरोकोनाइटने उतरवली.

लिरोकोनाइट म्हणजे तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे जलयुक्त आर्सेनेट. इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या व्हील गॉरलंड या जुन्या खाणीतील त्याचे आकाशी निळे स्फटिक विशेष नावाजलेले आहेत, आणि ती खाण केव्हाच बंद पडलेली असल्यामुळे चांगला नमुना बहुधा जुन्या संग्रहातूनच बाहेर येतो. विक्रेत्याने नेमका याचाच फायदा घेतला. एका इंग्रज संग्राहकाच्या वारसांकडून हा खडा आला, असे सांगून त्याने शाईने लिहिलेली पिवळट चिठ्ठी दाखवली आणि सव्वा सेंटीमीटरच्या स्फटिकाचे १४,००० रुपये रोख घेतले. (कागद चहाच्या पाण्यात बुडवूनही पिवळा करता येतो, हे मला नंतर सुचले.) "यात आर्सेनिक आहे, डबीतून काढू नका, पाणी तर अजिबात लागू देऊ नका," असेही त्याने दोनदा बजावले. आर्सेनिक विषारी असते हे खरेच असल्यामुळे मला तो माणूस मोठा जबाबदार वाटला. वास्तविक, नमुना तपासण्याची वाटच त्याने त्या एका वाक्याने बंद केली होती.

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा ४२ अंशांवर गेला, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवलेल्या त्या स्फटिकाच्या कडांवर पिठासारखा पांढुरका थर दिसू लागला. त्याच सुमारास सांगोल्याहून आलेले माझे मेहुणे कपाटापाशी थबकले. त्यांची डाळिंबाची बाग आहे आणि तेल्या रोगावर फवारायला मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण करण्यात त्यांची निम्मी हयात गेली आहे. "दाजी, हे मोरचूद एवढं जपून का ठेवलंय?"

मोरचूद म्हणजे जलयुक्त कॉपर सल्फेट. कोरड्या, तापलेल्या हवेत ते आपल्यातील पाणी सोडते आणि वरून पांढरे पडते. लिरोकोनाइट पाण्यात विरघळत नाही, मोरचूद सहज विरघळते. मी हातमोजे घालून कोपऱ्याचा एक कण चिमट्याने काढला आणि बशीतल्या चमचाभर पाण्यात टाकला. थोड्याच वेळात कण नाहीसा झाला, पाणी निळसर झाले, आणि त्यात ठेवलेल्या घासलेल्या लोखंडी खिळ्यावर तांब्याचा लालसर थर चढला. ओरखड्याच्या परीक्षेवर मात्र कोणी विसंबू नये, कारण दोन्ही पदार्थ जवळजवळ सारखेच मऊ आहेत. आकार अधिक बोलका असतो: लिरोकोनाइटचा स्फटिक चपट्या अष्टफलकासारखा दोन्ही बाजूंनी निमुळता होतो, माझा मात्र एका अंगाला कललेल्या विटेसारखा होता. भिंगाखाली पाहिले तेव्हा त्याच्या बुडाशी डिंकाची चकाकणारी रेषाही दिसली, जी मी खरेदीच्या वेळीच पाहायला हवी होती.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, तुम्ही नमुना ओलाव्यात ठेवला असेल. एप्रिलच्या सोलापुरात ओलावा आणायचा कोठून, एवढे विचारेपर्यंत त्याने फोन ठेवला होता, आणि पावती तर मी मागितलीच नव्हती.