अख्ख्या कोंबडीसाठी ३० लिटरचा ओटीजी: काय जमतं, काय नाही

अख्खी कोंबडी भाजण्यासाठी ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) घेणार असाल, तर खोक्यावरच्या सळीवर फिरणाऱ्या कोंबडीला भुलू नका. ३० लिटरच्या ओटीजीत सगळ्यात कमी उपयोगाची वस्तू म्हणजे तीच सळी. कोंबडी दीड किलोच्या जवळ गेली की तंगड्या वरच्या रॉडला घासतात, वजन एका बाजूला झुकलं की मोटर अडखळते, आणि दोऱ्याने घट्ट आवळलं नसेल तर पंख सुटून जळतात. त्याऐवजी सगळ्यात खालच्या खाचेत ट्रे आणि त्यावर जाळी, एवढं पुरतं. २० लिटरचा घेऊ नका. वरचा रॉड कोंबडीच्या छातीवरच येतो.

घेताना दोन गोष्टी तपासा. वरचा आणि खालचा रॉड वेगवेगळे चालू करता येतात का, आणि टायमरला ‘सतत चालू’ची खूण आहे का. बऱ्याच ओटीजींचा टायमर ६० मिनिटांवर संपतो. मंद भाजणीला दोन तास लागतात. मध्ये यंत्र बंद पडलं आणि लक्षात आलं नाही, तर कोंबडी अर्धवट कोमट राहते. आपल्या हवेत तेच धोक्याचं.

तापमानाच्या बटणावर भरवसा ठेवू नका. थर्मोस्टॅट रॉड पूर्ण चालू करतो किंवा पूर्ण बंद, त्यामुळे आतलं तापमान सारखं वर-खाली होतं, आणि बटणावरचे आकडेही नेमके नसतात. जाळीला अडकवायचा ओव्हन थर्मामीटर आणि मांसात खुपसायचा सुईचा थर्मामीटर, हे दोन्ही सोबत घ्याच. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे आणखी एक गोष्ट: २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर रॉडची ताकद जवळपास पावभागाने घटते. ओव्हन तापायला १५ मिनिटांऐवजी २५ लागली तर यंत्र बिघडलंय असं समजू नका. साधारण १५०० वॅटचा ओटीजी १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शनवर नको. पूर्ण भाजणीला वीज दोन युनिटांच्या आतबाहेर जाते.

आता कोंबडी. दुकानदार न सांगता कातडी सोलतो, म्हणून आधीच कातडीसकट अख्खी मागा. जिवंत १.८ किलोची साफ होऊन सुमारे १.३ किलो भरते, ३० लिटरला हीच योग्य. तिला २० ग्रॅम मीठ आतून-बाहेरून चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडीच ठेवा, म्हणजे कातडी सुकते. गावठी कोंबडीवर हा प्रयोग नको. चरबी कमी, मांस चिवट. ती शागोतीसाठीच (नारळाच्या वाटणाचा गोव्याकडचा रस्सा) बरी.

रेशाद मसाला (गोव्याचा लाल मिरची-व्हिनेगरचा मसाला) कातडीवर फासण्याचा मोह होतो. त्यातल्या मिरच्या आणि साखर शेवटच्या कडक आचेवर करपून कडवट होतात, आणि व्हिनेगरची ओल कातडी कुरकुरीत होऊ देत नाही. तीन मोठे चमचे मसाला बोटांनी कातडीखाली, छातीवर आणि मांड्यांवर पसरा. काफ्रियाल या गोव्याच्या कोंबडीच्या पदार्थाचा हिरवा मसालाही तसाच. बाहेरून फक्त तेल. पोटात चोरिस (गोव्याचं सॉसेज) आणि पावाचं सारण भरू नका: तेही ७४ अंशांपर्यंत तापावं लागतं, तोवर छाती लाकूड होते. सारण वेगळ्या भांड्यात भाजा.

दोन्ही रॉड चालू, थर्मामीटरवर १५० अंश, छाती वर, छातीवर फॉइल सैल झाकलेली. ट्रेमध्ये आठ मिनिटं उकडलेल्या बटाट्याच्या फोडी आणि अर्धा कप पाणी. पाणी आटलं की चरबी जळून स्वयंपाकघर धुराने भरतं, म्हणून अधूनमधून बघा. या दारांना रबरी गास्केट नसतं, पुढची बाजू थोडी थंड राहते. तासाभराने ट्रे एकदा फिरवा, उगाच दार उघडू नका. पावणेदोन ते दोन तासांत मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, ८० ते ८५ अंश दिसायला हवेत. छाती ७४च्या खाली नको. आच १५०पेक्षा कमी करून वेळ वाढवण्याच्या भानगडीत पडू नका. कोंबडी धोक्याच्या, म्हणजे जिवाणू वाढतात त्या तापमानात जास्त वेळ राहते.

शेवटी फॉइल काढा, २३० अंशांवर १० मिनिटं, तीही समोर उभं राहून, कारण वरचा रॉड जवळ असतो आणि दोन मिनिटांत काळे डाग पडतात. मग १५ मिनिटं न झाकता ठेवा. झाकलंत तर वाफेने कातडी मऊ पडते, पावसाळ्यात तर न झाकताही फार वेळ टिकत नाही. तेवढ्यात ट्रेमधला रस कढईत घेऊन चमचाभर माडाचं व्हिनेगर घाला, एक उकळी आणा आणि पोयांबरोबर (गोव्याचे कोंड्याचे पाव) वाढा.