सत्तरीच्या सुर्लाची एक दिवसाची फेरी : धबधब्यासाठी नको, सड्यासाठी जा

गोव्यात सुर्ला तीन आहेत आणि पहिली चूक तिथेच होते. डिचोली तालुक्यातले सुर्ला खाणपट्ट्यातले. धारबांदोड्यातले तांबडी सुर्ला महादेवाच्या कदंबकालीन देवळाचे. इथे लिहितो आहोत ते तिसऱ्याबद्दल, सत्तरी तालुक्यातल्या चोर्ला घाटमाथ्यावरच्या सुर्लाबद्दल. फोनच्या नकाशात नुसते ‘सुर्ला’ घातले तर तो कुठे नेईल याचा भरवसा नाही, आणि चुकून तांबडी सुर्लाला पोचलात तर इथे यायला अर्धा दिवस मोडतो. नकाशात ‘चोर्ला घाट’ घालावे आणि माथ्याजवळ फाट्यासाठी विचारावे.

पणजीहून डिचोली, साखळी, पर्ये, केरी आणि मग घाट असा रस्ता आहे. दोन तास धरावेत, पावसात अडीच. साखळीतच टाकी भरावी आणि रोख रक्कम काढून घ्यावी. वर कार्ड चालेल या भ्रमात राहू नये. नेटवर्क घाटात येते-जाते, त्यामुळे वाटाड्याशी भेटण्याची जागा आणि वेळ आदल्या दिवशीच पक्की करावी.

या फेरीत साधारण मिळते ते असे : गावातला किंवा घाटाखालच्या गावातला वाटाड्या, सड्यावरची (जांभ्या दगडाच्या सपाट माथ्यावरची) दोन-तीन तासांची चाल, कड्यावरून वज्र सकलाच्या धबधब्याचे दर्शन, दुपारचे जेवण आणि जमले तर एखादा धनगरवाडा. जाहिरातीत धबधबा सगळ्यात मोठा असतो. आमच्या मते तोच या फेरीतला सगळ्यात बेभरवशाचा भाग. पाणी भरपूर असते ते जुलै-ऑगस्टात, आणि नेमके तेव्हाच धुके दिवसभर कडा झाकून बसते. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून इथेच वर चढतात. पायथ्याच्या वाळपईलाही वर्षाला ४००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस सहज जातो, माथ्याचे काय सांगावे! सकाळी पडदा फाटला तर दहा मिनिटे दिसते, नाही तर नुसता आवाज ऐकून परतावे लागते. वाटाड्याला दोष देण्यात अर्थ नाही.

खाली उतरून पाण्यात जाण्याचा हट्ट तर धरूच नये. हा भाग म्हादई अभयारण्याचा आहे (१९९९, सुमारे २०८ चौ. कि.मी.) आणि आत जायला वनखात्याची परवानगी लागते. जुलै २०२३मध्ये नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, त्यानंतर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी आली. नियम दर पावसाळ्यात बदलतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. धोक्याचे कारण साधे आहे : सड्याच्या जांभ्या दगडावर मातीचा थर बोटभर. पाणी मुरायला जागा कमी, पडेल तेवढे थेट व्हाळात, म्हणजे ओढ्यात. वर माथ्यावर सर कोसळते, खाली ऊन असते आणि काही मिनिटांत व्हाळ फुगतो. पाणी गढूळ व्हायला लागले, काटक्या-पाने वाहून यायला लागली की बाहेर पडायचे, चप्पल शोधत बसायचे नाही.

आता सडा. यासाठी मात्र पूर्ण गुण. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरअखेर हा काळ धरावा. लांबून सपाट हिरवळ दिसते; गुडघ्यावर बसलात की खरे दिसते. निळी-जांभळी सीतेची आसवे, पांढरे गेंद, पिवळा कवळा, गुलाबी तेरडा. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती : सड्याच्या ओल्या, निकस मातीत नत्र मिळत नाही म्हणून ती मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव धरते. ही फुले बोटभर उंचीची. गुरे चरून गेलेल्या भागात गवत आखूड राहते, तिथे ती नजरेस पडतात; चराई नसलेल्या कोपऱ्यात गवत फुलांच्या डोक्यावरून वाढलेले असते. म्हणून वाटेत शेणाचे पो दिसले तर नाक मुरडू नये. चालायचे ते गुरांनी पाडलेल्या पायवाटेनेच. दगडावरचे काळे शेवाळ फार फसवे आहे : गुळगुळीत तळव्याच्या सॅण्डली इथे हात-पाय मोडतात, रबरी खाचांचे बूट हवेत. जळवा असतातच. मोजे पँटवर चढवावेत, मिठाची पुरचुंडी खिशात ठेवावी आणि चिकटलेली जळू ओढू नये, मीठ लावले की आपोआप सुटते.

धनगरवाडा हा फेरीचा दुसरा चांगला भाग, आणि तो सर्वांत वाईट पद्धतीने दाखवला जातो. गवळी-धनगरांची वस्ती गावाच्या कडेला, रानालगत. त्यांचा दिवस म्हशींच्या वेळापत्रकावर चालतो : पहाटे धार, मग गुरे रानात, संध्याकाळी परत. अकरा वाजता गाडीभर माणसे नेली तर घरात एखादी म्हातारी आजी आणि बांधलेली पारडी एवढेच भेटतात. चारनंतर जावे. कुत्र्यांना वाटाड्याने आवाज दिल्याशिवाय पुढे होऊ नये, न विचारता फोटो काढू नये, आणि ताक दिले तर उभ्याउभ्या पिऊन पैसे टाकून निघू नये. बसावे. तूप विकत मिळाले तर भाव करू नये. एक किलोमागे किती दूध आटते ते विचारून पाहा.

चांगला वाटाड्या कोणता हे इथेच कळते. जानेवारी २०२०मध्ये सत्तरीतल्याच गोळावलीच्या रानात वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले होते. वाघाने गुरे मारल्याच्या रागातून विष घातल्याचे तपासात पुढे आले. जुलै २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. म्हैस गेली की घराचे उत्पन्न गेले, आणि वाघ गेला की रान गेले, या दोन्ही बाजू जो सांगतो त्याला जास्त पैसे द्यावेत. ‘इथे वाघ बघितलाय’ एवढेच रंगवून सांगणारे पुष्कळ.

जेवण सांगितल्याशिवाय नेहमीचेच येते : चिकन, भात, सोलकढी. वाईट नसते, पण त्यासाठी घाट चढायची गरज नाही. नाचणीची भाकरी, आळसांद्यांचे (चवळीचे) तोणाक म्हणजे नारळाच्या वाटणाची उसळ, पावसाळ्यात तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी हवी तर एक दिवस आधी सांगावे आणि माणसांचा आकडा नक्की द्यावा. तायकिळा कोवळा असतो तो पावसाच्या सुरुवातीला. सप्टेंबरात मागू नये, जून झालेली पाने कडू लागतात.

उन्हाळ्यातली फेरी आम्ही सुचवत नाही. गवत जळून जाते, धबधबा नुसती ओली रेघ उरते, आणि जानेवारी ते मे हा गोचिडांचा काळ. २०१५मध्ये सत्तरीतल्या पाली गावात माकडतापाची साथ आली होती आणि तो गोचिडांतूनच पसरतो. गुरांच्या अंगावरून गोचीड वस्तीपर्यंत येते. काजूच्या दिवसांत जाणारच असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, गोचीडरोधक तेल लावावे, पालापाचोळ्यावर बसू नये आणि घरी येताच गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवावेत. आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरला ‘सत्तरीच्या रानात गेलो होतो’ हे आधी सांगावे.

रविवार टाळा. पावसाळी रविवारी घाटात वळणावळणावर गाड्या उभ्या करून लोक नाचत असतात, आणि बेळगावकडून येणाऱ्या मालट्रकला धुक्यात ते दिसत नाहीत. मधला वार घ्यावा, सातला साखळी सोडावी. परतीला साडेपाचच्या आत घाट उतरायला लागावे : त्याच वेळी म्हशी रस्त्यावरून घरी निघालेल्या असतात, धुक्यात काळ्या म्हशी दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाहीत, आणि हॉर्न वाजवला तर त्या बाजूला होत नाहीत, थांबतात.