धंतोलीतील जीवनरक्षक प्रशिक्षण वर्ग : एक अभिप्राय

नागपूरच्या धंतोलीत भरणाऱ्या या वर्गाची जमेची बाजू म्हणजे तिथल्या शिक्षिका, ज्यांनी अनेक वर्षे अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे आणि ज्या आजही स्वतःची ओळख ‘सिस्टर’ अशीच करून देतात. हृदय बंद पडलेल्या प्रौढ व्यक्तीच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, एवढे कोणीही शिकवील. परंतु सरावासाठीच्या पुतळ्याच्या खांद्यांवर थोपटून ‘काका, ऐकू येतंय का?’ असे त्या खरोखरच्या आर्जवाने विचारतात आणि १०८ची रुग्णवाहिका येईपर्यंत घाबरलेल्या नातेवाइकांशी कोणत्या शब्दांत बोलायचे, याचाही सराव करून घेतात. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हे विषय २०१९ पासून रीतसर आले; येथे त्यांना वेगळा तास लागत नाही. अंगठ्या काढून हात धुतल्याशिवाय त्या पुतळ्याला हात लावू देत नाहीत, ही शिस्त काहींना जाचक वाटली (मला मात्र पटली). पुतळे अपुरे असल्याने बराच वेळ ताटकळावे लागते. छापील टिपणे केवळ इंग्रजीत आहेत, हे तर वर्गाला आलेल्या ऑटोचालकांच्या दृष्टीने अक्षम्यच आहे. शुल्क वाजवी आहे.