हीपवॉक: आतल्या पॉइंटरचा ब्लॉक शोधण्यासाठी कितपत कामाचे?

पॉइंटर (मेमरीतला पत्ता) हीपवरच्या, म्हणजे प्रोग्रामने चालू असताना मागून घेतलेल्या मेमरीतल्या, ब्लॉकच्या मध्येच कुठेतरी असेल तर विंडोजचे हीपसाइझ (ब्लॉकचा आकार सांगणारे फंक्शन) उपयोगी नाही, त्याला ब्लॉकचा सुरुवातीचाच पत्ता लागतो. अशा वेळी खरा आधार हीपवॉकचा, म्हणजे हीपमधल्या ब्लॉकची माहिती एकेक करून देणाऱ्या फंक्शनचा, आणि असेम्ब्लीतून ते वापरायला छान सुटसुटीत आहे.

आधी हीपलॉक करा. मग ६४-बिटमध्ये ४० बाइटची नोंद (हीपवॉक ब्लॉकची माहिती जिथे भरते ती जागा) घेऊन तिचा पहिला क्वाडवर्ड (८ बाइट) शून्य करा. शोधायचा पॉइंटर आरबीएक्स रजिस्टरमध्ये ठेवा, कारण आरएएक्स प्रत्येक कॉलला पुसला जातो. आता हीपवॉकला पुन्हा पुन्हा कॉल करा, दर वेळी नोंदीत पुढची माहिती येते. नोंदीतल्या ऑफसेट १४ वरच्या (सुरुवातीपासून १४ बाइट पुढच्या) फ्लॅगमध्ये ४ चा बिट नसेल तर तो वापरातला ब्लॉक नव्हे, पुढे जा. असेल तर पॉइंटरमधून ऑफसेट ० वरचा पत्ता वजा करा आणि उरलेल्याची तुलना ऑफसेट ८ वरच्या आकाराशी करा. इथे जम्प 'जेबी'च (बिनचिन्ही तुलनेत लहान असेल तर उडी) हवा. बिनचिन्ही तुलनेत ऋण फरक प्रचंड मोठा ठरतो, म्हणून एकाच तुलनेत दोन्ही टोके तपासली जातात. 'जेएल' (चिन्ह धरून तुलना) लिहिलात की ब्लॉकच्या अलीकडचा पॉइंटरही आत असल्याचे उत्तर मिळते! आकार ३२-बिटच असल्याने तो ईसीएक्समध्ये घ्या, वरचा अर्धा भाग आपोआप शून्य होतो.

हीपवॉककडून शून्य परत आले तर गेटलास्टएरर (शेवटच्या चुकीचा क्रमांक) बघा: २५९ म्हणजे यादी संपली, दुसरे काही म्हणजे बिघाड. बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर हीपअनलॉक हवेच.

उणीव वेगाची. शोध ओळीने चालतो आणि तोवर त्या हीपवरचे इतर थ्रेड अडून राहतात. डीबगिंगला उत्तम, रोजच्या धावत्या कोडमध्ये नको.