डेडमॅन ऑम्निबस: एक पावसाळा उलटल्यावर

हा ठोकळा, म्हणजे डेडमॅनच्या जुन्या कॉमिक्सचं जाडजूड संकलन, घ्यावा की घेऊ नये, एवढंच ज्यांना हवंय त्यांना आधीच सांगून टाकतो. सुरुवातीच्या बारा अंकांसाठी घ्या. पुढचं सगळं त्या बारा अंकांच्या पुण्याईवर चालतं, आणि कधीकधी ती पुण्याईही पुरत नाही. तरी मी पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलंय, काही भाग दोनतीनदा. वेड लागलेल्या माणसाचं मत आहे, तेवढं धरून वाचा.

डेडमॅन कोण, हे सांगावंच लागतं. बॅटमॅनच्या चाहत्याला ही कटकट नसते. बॉस्टन ब्रँड हा हिल्स ब्रदर्स सर्कशीतला झुल्यावरचा कसरतपटू. खाली जाळी न लावता काम करायचा, चेहरा मढ्यासारखा पांढरा रंगवायचा, अंगात लाल पोशाख, छातीवर मोठं इंग्रजी डी. स्टेजवरचं नाव डेडमॅन. एका खेळात, झुल्यावर असतानाच, एका हाताच्या जागी लोखंडी आकडा असलेला माणूस त्याला गोळी घालतो. ब्रँड मरतो, पण जात नाही. रामा कुश्ना नावाची शक्ती त्याला सांगते की तुझा खुनी सापडेपर्यंत तू इथेच. तो कुणाला दिसत नाही, त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. एकच गोष्ट जमते, जिवंत माणसाच्या अंगात शिरणं. आणि पोशाख? मरताना होता तोच, कायमचा. म्हणजे सर्कशीत लोकांना घाबरवायला केलेलं सोंग आता उतरवताच येत नाही. मला हा हिरो पहिल्यांदा आवडला तो इथेच.

पहिली गोष्ट डीसी कंपनीच्या स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स मासिकाच्या २०५व्या अंकात आली, ऑक्टोबर १९६७चा अंक. लेखक अर्नॉल्ड ड्रेक, चित्रकार कार्माइन इन्फँटिनो. मथळ्याचा अर्थ साधारण ‘माझ्या थडग्यात कोण पडलंय?’ असा. त्या काळी अमेरिकेत कॉमिक्सवर कॉमिक्स कोड नावाची सेन्सॉरशिप होती आणि अमली पदार्थ हा विषय वर्ज्य होता. या गोष्टीत मात्र मालाची तस्करी सरळ आहे, आणि तरीही तिला कोडचा शिक्का मिळाला. १९७१ साली स्पायडरमॅनने याच विषयावर कोडला न जुमानता अंक काढले, त्याचा गाजावाजा आजही होतो. ब्रँडने चार वर्षं आधी केलं, त्याचं कुणी नावही घेत नाही. आमच्या हिरोचं नशीबच तसं.

पुढच्याच अंकापासून चित्रं नील अ‍ॅडम्सकडे गेली आणि पुस्तकाचं तोंडच बदललं. अ‍ॅडम्स जाहिरातींच्या आणि वर्तमानपत्री चित्रपट्ट्यांच्या कामातून आलेला. त्याची माणसं खऱ्या हाडामांसाची वाटतात. घाबरलेल्या माणसाच्या मानेच्या शिरा दिसतात, नाकपुड्या फुगलेल्या दिसतात. चौकटी तर तो सरळ ठेवतच नाही. तिरक्या, फाटलेल्या, एकीतून दुसरीत घुसणाऱ्या. ज्याला भिंतीतून जाता येतं त्याच्या गोष्टीत चौकटीच्या भिंतीही पक्क्या नसाव्यात, हे त्याला बरोबर कळलं होतं. पुढेपुढे तर काही अंक त्याने स्वतःच लिहिले.

इथे वापराचा मुद्दा येतो. हे पुस्तक घ्यायच्या आधी मी यातल्या बऱ्याच गोष्टी टॅबवर वाचल्या होत्या, एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय चालू ठेवून. लोकलमध्ये उभ्याने वाचायला ती उत्तम. पण अ‍ॅडम्ससाठी ती सपशेल निरुपयोगी. त्याचं पान हे एकच चित्र असतं. डेडमॅनचा झेपावलेला देह वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात येतो आणि वाटेतल्या पाच चौकटी त्याच्या अंगावरून लिहिल्यासारख्या असतात. ते तुकडे करून बघितलं तर नुसते हात, नुसते गुडघे. टॅबवर वाचायचंच असेल तर ती सोय बंद करा आणि टॅब आडवा धरू नका.

२१६व्या अंकातलं एक पान तर कागदावरच बघायचं. ब्रँड रामा कुश्नाकडे जातो आणि त्याच्याभोवती धूर वर चढतोय. वळसे वळसे, लांबलचक, साधी नक्षी वाटते. पुस्तक डोळ्यांच्या पातळीला आणा आणि पान जवळजवळ सपाट धरून खालच्या कडेने तिरकं बघा. धुराचे वळसे आखडतात आणि अक्षरं दिसायला लागतात. ‘अरे, हा तर जिम स्टेरँको इफेक्ट!’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. स्टेरँको म्हणजे तेव्हा मार्व्हलमध्ये असली डोळ्यांना चकवणारी पानं काढून गाजत असलेला चित्रकार. प्रतिस्पर्धी कंपनीतल्या माणसाला आपल्या नायकाच्या सर्वांत गंभीर क्षणी मारलेला डोळा! हे मला ठाऊक होतं, तरी प्रत्यक्ष दिसल्यावर मी घरातल्या सगळ्यांना बोलावून, मान वाकडी करायला लावून दाखवलं. बायकोने अक्षरं वाचली, “बरं” म्हणाली आणि गेली.

आता वजन. हे पुस्तक हातात धरून वाचायचं नाही. झोपून तर नाहीच. छातीवर ठेवलंत तर आपणच डेडमॅन. पहिले काही आठवडे मांडीवर उशी घेऊन वाचलं, मनगटं भरून आली. मग माळ्यावरचं आजीचं पोथी ठेवायचं लाकडी स्टँड काढलं, तिचं ज्ञानेश्वरीचं पारायण त्यावर चालायचं. जाडी पेलते, दोन्ही बाजू सारख्या उघडतात, आणि जमिनीवर मांडी घालून बसलं की डोळ्यांना अंतर बरोबर पडतं. आईने पाहिलं. “पोथीच्या जागी मढं ठेवलंस होय रे!” म्हणाली, पण स्टँड काढून घेतलं नाही. त्यातल्या त्यात पुण्य.

इतक्या जाड बांधणीच्या कुठल्याही पुस्तकात मधली घळ काही चित्र गिळते, इथेही गिळते. दोन पानांवर पसरलेल्या चित्रांत ब्रँडचा चेहरा नेमका घळीत जातो तेव्हा जीव जळतो. चारपाच महिने उघडून-मिटून शिवण बरीच सैल झाली आणि आता पानं आधीपेक्षा सपाट पडतात. नवीन असताना जबरदस्तीने उघडू नका. कागद गुळगुळीत आहे, त्यावर साठच्या दशकातले रंग भडक दिसतात. जुन्या रद्दी कागदावर जो लाल थोडा विटकरी दिसायचा तो इथे टोमॅटोसारखा. काहींना आवडेल, मला रात्रीच्या प्रसंगांत खटकतो. ठाण्याच्या पावसाळ्यात अशा कागदाला दमट हवा लागली की पानं लाटा धरतात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, पुस्तक उभं न ठेवता आडवं, वर दुसरं जड पुस्तक. एवढं केलं तर निभतं. येताना एक कोपरा दबलेला होता, बदलून मागायच्या भानगडीत पडलो नाही.

गोष्टींकडे येतो. त्या बारा अंकांची ताकद म्हणजे प्रश्न एकच आहे: आकडेवाला कोण आणि त्याने मला का मारलं? प्रत्येक अंकात ब्रँडला एक आकडेवाला किंवा त्याचा माग सापडतो आणि माणूस चुकीचा निघतो. दरम्यान त्याचा जुळा भाऊ क्लीव्हलँड तोच पोशाख चढवून झुल्यावर उभा राहतो, म्हणजे खुन्याला वाटावं की आपला नेम चुकला. ही युक्ती लक्षात ठेवा, तिचं व्याज पुढे फिटतं.

२१५व्या अंकात ब्रँडला खरा आकडेवाला भेटतो. कारण काय, तर काहीच नाही. मारेकऱ्यांच्या संघटनेत भरती व्हायला कुणाला तरी मारून दाखवायचं होतं. ब्रँडशी वैर नाही, ओळख नाही. आणि त्यांचा म्होरक्या, सेन्सेई, आकडेवाल्याला तिथेच ठार करतो. का? डेडमॅन तर अजून जिवंत आहे, झुल्यावर कसरती करतोय, म्हणजे तू परीक्षेत नापास! ज्या खुनासाठी ब्रँड वर्षभर तडफडला, तो खून झालाच नाही असं ठरवून खुन्याला शिक्षा होते. ब्रँड शेजारी उभा आहे आणि कुणाला ओरडून सांगूही शकत नाही की अरे, मी मेलोय, यानेच मारलंय. सूड घ्यायचा तो दुसऱ्याने घेतला, तोही भलत्याच कारणाने. सुपरहिरोच्या कॉमिक्समध्ये इतका कडू विनोद मी फारसा पाहिलेला नाही.

मालिका २१६व्या अंकाशी, १९६९च्या सुरुवातीला थांबली. मासिक चालू राहिलं, पण जुन्या गोष्टींच्या पुनर्मुद्रणावर. शेवटचं सूत अ‍ॅडम्सने त्याच वर्षी ब्रेव्ह अँड द बोल्डच्या ८६व्या अंकात बॅटमॅनबरोबर जुळवलं. त्या मासिकातला आधीचा, १९६८चा ७९वा अंकही इथे आहे. बॅटमॅनच्या चाहत्यांनी निदान तेवढ्यासाठी पुस्तक मागून वाचावं. लेखक बॉब हेनीने दिवसाचा प्रसंग लिहिला तरी आपण तो रात्रीचा काढायचो, असं अ‍ॅडम्स सांगत असे. टीव्हीवरच्या विदूषकी बॅटमॅनला पुन्हा अंधारात नेण्याची सुरुवात इथे दिसते. म्हणजे त्याच्या नव्या जन्मालाही आमचं भूतच हजर होतं.

आता ज्यावर भारतीय वाचक अडखळतो ते. नंदा पर्बत. हिमालयात कुठेतरी लपलेलं नगर, तिथे दुष्टपणा चालत नाही, आणि तिथे ब्रँडला पुन्हा हाडामांसाचा देह मिळतो. सर्कशीत भविष्य सांगणारा वाष्णू, वर ती रामा कुश्ना. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकन लेखकांनी पूर्वेकडचं जे हाताला लागलं ते एका पातेल्यात घातलंय. हसू येतं, थोडा रागही येतो. पण एक कबूल करतो: त्या नगरात ब्रँडचे पाय जमिनीला लागतात आणि पहिल्यांदा त्याच्याकडे कुणी बघतं, तो प्रसंग मला आजही हलवतो. तिथे थांबायचं तर देह आहे, पण बाहेरच्या जगाशी काडीमोड. बाहेर पडायचं तर पुन्हा कुणालाच दिसायचं नाही.

मला या हिरोबद्दल सर्वांत जास्त सतावणारी गोष्ट लेखकांनी फारशी चघळलेली नाही. तो न विचारता लोकांच्या अंगात शिरतो. त्यांच्या हातांनी मारामारी करतो, त्यांच्या जबड्यावर ठोसे खातो आणि निघून जातो. त्या माणसाला काहीच आठवत नाही. फक्त जबडा सुजलेला आणि समोर चिडलेली बायको. आपल्याकडे अंगात येणाऱ्याला लोक निदान विचारतात, बाबा तू कोण, काय हवंय. इथे तेवढीही सोय नाही. या प्रश्नाला नीट हात घातला तो माझ्या मते जस्टिस लीग अनलिमिटेड या कार्टून मालिकेतल्या २००६च्या एका भागाने. तिथे ब्रँड बॅटमॅनच्या अंगात शिरतो आणि बॅटमॅनच्या हातून माणूस मरतो. कधीही कुणाला न मारणारे हात, आणि ते वापरले दुसऱ्याने.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतला भाग भराभर सांगतो. चॅलेंजर्स ऑफ द अननोनमधले अंक चाहत्यांपुरते. तिथे ब्रँड पाहुणा आहे आणि पाहुण्यासारखाच अवघडून वागतो. अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्समध्ये जिम अपारोची चित्रं आहेत, ती मात्र सावकाश बघा, अपारोच्या सावल्या अ‍ॅडम्सपेक्षा धारदार. १९८६ची चार अंकांची मालिका होसे लुईस गार्सिया-लोपेझने काढलीय. इतकं स्वच्छ, तोलून काढलेलं शरीर कॉमिक्समध्ये क्वचित मिळतं, पण खुनाचा प्रश्न सुटून गेलेला असल्यामुळे गोष्ट पायाशिवाय उभी असल्यासारखी वाटते. ब्रँडची खरी अडचण तीच. उत्तर सापडल्यावर या माणसाचं करायचं काय, हे पुढे बहुतेकांना सुचलेलं नाही.

चित्रकार केली जोन्सने काढलेला ब्रँड या पुस्तकात नाही, हेही सांगून ठेवतो. लव्ह आफ्टर डेथ ही त्याची मालिका १९८९ची, तिचं वेगळं संकलन निघालंय. त्यात ब्रँड अक्षरशः हाडांचा सापळा आहे, गाल आत गेलेले, बरगड्या मोजता येतात. अ‍ॅडम्सचा देखणा ब्रँड ज्यांना हवा त्यांनी तिकडे फिरकू नये. मला दोन्ही हवेत, पुढची खरेदी तीच.

चाहता म्हणून रोजची हालत काय विचाराल तर, टी-शर्ट मिळत नाही, बाहुली परदेशातून मागवली तर खेळण्यापेक्षा टपालखर्च जास्त. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या काकांना सांगितलं की मी एका भुताचा चाहता आहे, तर म्हणाले, “म्हणजे वेताळ?” आता तो वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, धडधाकट जिवंत माणूस, पिढ्यान्‌पिढ्या माणूस बदलतो, मुखवटा तेवढा तोच राहतो. काकांना समजावत बसलो. शेवटी ते म्हणाले, “पण तुझा मेला आहे ना? मग त्याला काय होणार आहे!” हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकलाय. माझं उत्तर ठरलेलं: २१५वा अंक वाचा.

एकाने विकणार का म्हणून विचारलं. नाही. वाचायला हवं असेल तर घरी या, स्टँड मांडून देतो, चहा मिळेल. घरी न्यायला मात्र देणार नाही.