बलेनो: पेट्रोल घ्यावी की सीएनजी?

कापसाचा चुकारा हाती आला की आमच्या दारव्ह्याकडं हाच वाद. एकाच व्हेरियंटमध्ये सीएनजी साधारण ९० हजारांनी महाग; रोड टॅक्स मात्र तिला कमी, पेट्रोलला १० लाखांच्या आत ११ टक्के. जीएसटी दोन्हींवर सारखाच, सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. कंपनी सांगते, पेट्रोल लिटरला २२.३५ किलोमीटर, सीएनजी किलोला ३०.६१. किलोमीटरमागे दोन रुपये वाचले, तरी जास्तीचे पैसे निघायला ४५ हजार किलोमीटर पळवा! आमची गाडी लग्नं, दवाखाना अन् बाजार, बस्स. शिवाय डिक्कीत सिलिंडर. तुरीचा कट्टा मागच्या सीटवर टाकला तर आजी कुठं बसेल? मी पेट्रोलच बुक केली. रोज यवतमाळ अप-डाऊन करणाऱ्या मास्तरांनी मात्र सीएनजी घ्यावी, पंप वाटेवर असेल तर.