मांजर बघायला गेलो, गुंड्यापाशी अडकलो
प्राण्यांचा निवारा स्वच्छ आहे, पण फोन कुणी उचलत नाही. सरळ जाऊन धडका. गुंड्या हा रस्त्यावरून आणलेला कुत्रा. मागचा पाय मोडलेला, आत सळई घातलीय. हाड जुळायला 6 ते 8 आठवडे, तोवर उड्या बंद. हे त्याला कोण सांगणार? जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेल्या प्लॅस्टिकच्या नरसाळ्यात चेंडू धरून तो माझ्या पोटरीला ढुशा देत होता! खरजेने गेलेले केस पाठीवर परत येताहेत, हाताला ब्रशसारखे लागतात. नसबंदी, रेबीजची लस झालीय. कागद मागताच दाखवले. कुत्रं गळ्यात मारायची घाई नाही, उलट तुमचीच उलटतपासणी होते. आवडलं मला ते. पुढच्या रविवारी परत जातोय. मांजर बघायचं राहिलंच.